कलादालनातील प्रेक्षक : आचरण आणि आस्वाद

१

कलादालनात मनुष्य चित्रे पाहण्यासाठी जातो, ही समजूत सर्वमान्य असली तरी पुरेशी नाही. एखाद्या दालनातील बाकावर अर्धा तास स्वस्थ बसून जो चित्रांऐवजी माणसांकडे पाहील, त्याच्या ध्यानात निराळ्याच गोष्टी येऊ लागतात. येणाऱ्यांपैकी बरेच जण प्रथम भिंतीवरील माहितीपट्टी वाचतात, मग चित्रावर एक दृष्टिक्षेप टाकून पट्टीवरील मजकुराची जणू खातरजमा करून घेतात आणि पुढे सरकतात. काही जण दालनाच्या मध्यभागी उभे राहून चारही भिंतींवरून नजर फिरवतात व कशाच्याही जवळ न जाता बाहेर पडतात. लहान मूल धावू लागले तर आईबाप त्याला दबल्या आवाजात दटावतात. मोठी माणसे आपसात बोललीच तर कुजबुजतात आणि रखवालदाराकडे चोरून पाहतात. मधूनच एखादा मनुष्य मात्र एका चित्रापुढे थबकतो, चार पावले मागे सरतो, पुन्हा जवळ येतो, पुढच्या दालनात निघून जातो आणि थोड्या वेळाने परत त्याच चित्रापुढे येऊन उभा राहतो.

कलासमीक्षेने या सर्व हालचालींची दखल सहसा घेतलेली नाही. समीक्षेला अभिप्रेत असलेला आस्वादक हा बहुधा पाय न दुखणारा, घाई नसलेला, गर्दीत न सापडलेला आणि कोणाच्याही नजरेने न संकोचणारा असा एक विदेह पुरुष असतो. दालनातील प्रत्यक्ष प्रेक्षकाचे आचरण हा व्यवस्थापकांचा, फार तर समाजशास्त्रज्ञांचा विषय मानला जातो. तो सौंदर्यविचाराचा विषय आहे असे मानले जात नाही. या वाटणीमुळे दोन्ही बाजूंचे नुकसान झाले आहे. ज्यांनी प्रेक्षकांचे निरीक्षण केले त्यांच्यापाशी कलाकृतीविषयी प्रश्न नव्हते. ज्यांच्यापाशी प्रश्न होते त्यांनी प्रेक्षकाकडे पाहिले नाही. प्रेक्षकाचे आचरण हे केवळ त्याच्या अभिरुचीचे मोजमाप नसून कलाकृतीने आणि तिच्या भोवतीच्या वास्तूने त्याला जे विचारले असते त्याचे ते उत्तर असते, हे दाखवणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. प्रश्न ठाऊक नसताना उत्तराला गुण देण्यात अर्थ नसतो.

२

प्रेक्षकांच्या निरीक्षणाची परंपरा शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. बोस्टन येथील ललितकला संग्रहालयातील बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये संग्रहालयातील थकव्यावर एक लेख प्रसिद्ध केला. कपाटांतील वस्तू नीट पाहावयाच्या तर माणसाला किती वाकावे, ओणवे व्हावे आणि मान वळवावी लागते, हे त्यांनी छायाचित्रे घेऊन दाखवले. प्रेक्षक कंटाळतो याचा दोष त्यांनी प्रेक्षकाच्या उदासीनतेला दिला नाही. तो त्यांनी कपाटांच्या उंचीला आणि मांडणीला दिला, ही त्या लेखातील महत्त्वाची गोष्ट आहे. पुढे एडवर्ड रॉबिन्सन यांनी १९२८ मध्ये आणि आर्थर मेल्टन यांनी १९३५ मध्ये प्रेक्षकांच्या मार्गांचा व थांबण्याच्या वेळांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. दालनात शिरणारे बहुसंख्य लोक उजवीकडे वळतात आणि बाहेर जाण्याचे दार दिसताच त्याकडे ओढले जातात, असे मेल्टन यांना आढळले. चित्र उत्तम असणे आणि ते दाराच्या उजव्या हाताला असणे या दोन गोष्टी प्रेक्षकाच्या पावलांच्या हिशेबात फारशा वेगळ्या राहत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो.

अलीकडच्या काळात या अभ्यासातून एक आकडा फार प्रसिद्धी पावला. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील सहा श्रेष्ठ चित्रांपुढे प्रेक्षक किती वेळ थांबतात, याची नोंद जेफ्री व लिसा स्मिथ यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. सरासरी २७.२ सेकंद आणि मध्यांक १७ सेकंद, असा तिचा निष्कर्ष होता. या दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. निम्म्या वेळा पाहणे १७ सेकंदांच्या आतच संपले होते; मोजकेच लोक दीर्घकाळ रेंगाळले आणि त्यांनी सरासरी वर खेचली. शिकागोच्या कलासंस्थेत असेच निरीक्षण पुन्हा करण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी २८.६३ सेकंद आणि मध्यांक २१ सेकंद निघाला. मधल्या काळात प्रत्येकाच्या हाती छायाचित्र काढणारा फोन आला, तरी पाहण्याचा वेळ फारसा बदलला नाही.

हे आकडे उद्धृत करून आधुनिक माणसाच्या चंचलतेवर प्रवचन झोडणे सोपे आहे आणि तसे ते पुष्कळदा झोडले जाते. परंतु सेकंदांना पाहण्याचा प्रकार कळत नाही. पट्टी वाचणारे डोळे आणि चित्र पाहणारे डोळे यांतील भेद घड्याळ जाणत नाही. सोबत्याची वाट पाहत चित्रापुढे उभा राहिलेला मनुष्य घड्याळाच्या लेखी रसिक ठरतो. एका दृष्टिक्षेपात चित्र अंतःकरणात उतरवून, ते सोसवत नाही म्हणून तेथून निघून जाणारा उथळ ठरतो. या दृष्टीने संशोधक एलिसेओ व्हेरॉन आणि मार्टिन लेव्हासर यांनी १९८३ मध्ये केलेले वर्गीकरण अधिक उपयुक्त आहे. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील एका प्रदर्शनात त्यांना प्रेक्षकांच्या चालण्याच्या चार तऱ्हा आढळल्या आणि त्यांना त्यांनी चार प्राण्यांची नावे दिली. भिंतीला धरून क्रमाने प्रत्येक वस्तू पाहणारी मुंगी, या भिंतीवरून त्या भिंतीकडे नागमोडी जाणारे फुलपाखरू, मधून संथपणे वाहत जाणारा मासा, आणि आपल्या आवडीच्या मोजक्या वस्तूंवरच उड्या घेणारा टोळ. येथे वेळेपेक्षा चालीला महत्त्व आहे. प्रत्येक चाल म्हणजे प्रदर्शनाशी केलेली एक तडजोड आहे, ही त्यांची दृष्टी समीक्षेच्या जवळ येते. तथापि त्यांच्याही वर्गीकरणात एक उणीव राहते. एकच मनुष्य एका दालनात मासा असतो आणि दुसऱ्या दालनात मुंगी होतो. त्याला असे बदलावयास लावणारी शक्ती कोणती, याचा शोध केवळ चालीच्या वर्णनाने लागत नाही.

३

ही शक्ती दालनाच्या रचनेत शोधली पाहिजे. पांढऱ्या भिंती, वरून येणारा समान उजेड, दूरदूर टांगलेली चित्रे आणि बाहेरच्या जगाचा मागमूस नसणे, ही आधुनिक कलादालनाची लक्षणे आज इतकी परिचयाची झाली आहेत की ती नैसर्गिक वाटतात. ब्रायन ओ’डोहर्टी यांनी १९७६ मधील आपल्या निबंधांतून या पांढऱ्या पेटीचे स्वरूप प्रथम नीट उलगडले. अशा खोलीत डोळ्याचे स्वागत होते, पण शरीर परके ठरते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६६ मध्ये, पिएर बोर्द्यू आणि आलें दार्बेल यांनी युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. संग्रहालयात जाण्याची सवय शिक्षणाशी व घरातील संस्कारांशी किती घट्ट बांधलेली आहे, हे त्यांनी आकडेवारीने दाखवले. ज्यांना हे संस्कार लाभले नाहीत त्यांना संग्रहालय एखाद्या देवळासारखे वाटते आणि आपण तेथे अपात्र आहोत ही जाणीव त्यांच्या पावलांत उतरते. कुजबूज, चोरटी नजर आणि घाई यांचे मूळ पुष्कळदा अरसिकतेत नसून या संकोचात असते.

या ठिकाणी भारतीय साहित्यशास्त्रातील एका जुन्या विचाराचे साहाय्य घेता येते. दहाव्या शतकाच्या अखेरीस व अकराव्याच्या आरंभी होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक म्हणजे प्रेक्षक आपल्या खासगी सुखदुःखाने इतका व्यापलेला असणे की समोरच्या प्रयोगात त्याचे चित्त विसावूच शकत नाही. अभिनवगुप्ताने या विघ्नावर सांगितलेला उपाय विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. प्रेक्षकाने घरूनच शुद्ध चित्ताने यावे असे तो म्हणत नाही. वाद्य, गायन, विविध रीतींनी सजवलेला मंडप अशा सर्वांना सारख्याच भोगता येणाऱ्या गोष्टींनी प्रेक्षकाचे मन रंगवावे. त्यायोगे जो सहृदय नाही त्याचेही अंतःकरण निर्मळ होऊन तो सहृदय बनतो, असे त्याचे प्रतिपादन आहे.

सहृदयत्व हा अशा रीतीने जन्माचा अधिकार राहत नाही, किंवा शिक्षणाने आधीच मिळालेला परवानाही राहत नाही. ते मंडपात घडते, आणि ते घडवणे हे मंडपाचे काम आहे. बोर्द्यूचे निष्कर्ष आणि अभिनवगुप्ताचा विचार शेजारी ठेवले म्हणजे आधुनिक दालनाची उणीव स्पष्ट होते. पांढऱ्या खोलीने विक्षेप दूर केले, परंतु मन रंगवण्याचे जे काम मंडपाचे होते ते प्रेक्षकाच्या घरावर आणि शाळेवर सोपवून ती मोकळी झाली. तेव्हा १७ सेकंदांत निघून जाणाऱ्या प्रेक्षकावर दोषारोप ठेवण्यापूर्वी मंडपाने आपले काम केले काय, हा प्रश्न विचारला पाहिजे.

४

या प्रश्नाची कसोटी पाहण्यास लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयाइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. टेम्स नदीच्या काठावरील बँकसाइड येथील एक बंद पडलेले वीजकेंद्र हेर्त्सोग आणि द म्यूरोन या स्विस वास्तुरचनाकारांनी पालटून घेतले आणि मे २००० मध्ये तेथे हे संग्रहालय उघडले. मूळ वास्तू जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांची. जेथे पूर्वी विजेची जनित्रे होती ते टर्बाइन दालन सुमारे १५५ मीटर लांब, २३ मीटर रुंद आणि ३५ मीटर उंच आहे. संग्रहालयाच्या स्थायी भागाप्रमाणे येथेही प्रवेशशुल्क नाही. पश्चिमेच्या दारातून एक रुंद उतरण थेट आत नेते, त्यामुळे आपण रस्त्यावरून संग्रहालयात केव्हा शिरलो हे येणाऱ्याच्या नीट ध्यानातही येत नाही.

याच वास्तूच्या वरच्या मजल्यावरील एका बंदिस्त, अंधुक खोलीत मार्क रॉथको यांची मोठी चित्रे अनेक वर्षे मांडलेली होती. ही चित्रे १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतील एका उंची भोजनगृहासाठी म्हणून आरंभलेली होती. फ्लॉरेन्स येथील मायकेलअँजेलोच्या ग्रंथालयाच्या प्रवेशदालनात बंद खिडक्यांमुळे माणसाला कोंडल्यासारखे वाटते, तसा परिणाम रॉथको यांना हवा होता. पुढे त्यांनी ते काम सोडले आणि त्यांतील नऊ चित्रे टेटला दिली. ती लंडनला पोहोचली त्याच दिवशी, २५ फेब्रुवारी १९७० रोजी, त्यांचा अंत झाला.

या खोलीतील उजेड चित्रकाराच्या इच्छेनुसार मंद ठेवलेला असे. उजेडातून आलेल्या डोळ्याला मंद प्रकाशाशी सरावण्यास काही मिनिटे लागतात, हा शरीराचा धर्म आहे. १७ सेकंदांत बाहेर पडणाऱ्या माणसाला तेथे काळपट तांबडे पडदे दिसतील, याहून अधिक काही दिसणे शक्यच नाही. परंतु जो बाकावर बसतो त्याच्यापुढे हळूहळू गडद लाल आणि काळा यांच्या कडा वेगळ्या होऊ लागतात, चौकटी पुढे येतात, मागे सरतात, आणि भिंत ही भिंत राहत नाही. अशा खोलीत बसलेल्यांकडे पाहिले तर त्यांच्या आचरणात नोंदवण्याजोगे काहीच नसते. ते हलत नाहीत, बोट दाखवीत नाहीत, पुष्कळदा चित्राकडे पाहत आहेत की नुसते बसले आहेत हेही कळत नाही. निरीक्षकाच्या वहीत ही जागा कोरी राहते. तरी मंडपाने आपले काम येथेच सर्वांत अधिक केलेले असते. बाक, उजेड आणि भिंतींची जवळीक यांनी प्रेक्षकाला त्याच्या घाईतून सोडवलेले असते. प्रेक्षकाला कलाकृतीच्या इतके निकट येऊ देण्यात जोखीमही असते. ऑक्टोबर २०१२ मध्ये एका प्रेक्षकाने यांतील एका चित्रावर शाईने अक्षरे लिहिली आणि ते पूर्ववत करण्यास सुमारे दीड वर्ष लागले. ही जोखीम पत्करल्यावाचून अशी खोली उभी राहू शकत नाही.

५

वरच्या खोलीत प्रेक्षक स्थिर होतो. खालच्या टर्बाइन दालनात तो हलतो. २००२ मध्ये तेथे अनिश कपूर यांचे ‘मार्सियस’ हे शिल्प मांडण्यात आले. कपूर यांचा जन्म १९५४ मध्ये मुंबईत झाला. अपोलोने ज्याची कातडी सोलली त्या ग्रीक कथेतील वनपुरुषाचे नाव धारण करणाऱ्या या शिल्पात पोलादाच्या तीन प्रचंड कड्यांवर गडद तांबड्या रंगाचे एकच पटल ताणलेले होते. दालनाच्या कोणत्याही एका ठिकाणी उभे राहून ते शिल्प पूर्ण दिसत नसे. चालावे लागे, पुलावर चढावे लागे, खालून वर पाहावे लागे आणि पाहिलेले तुकडे मनात जोडावे लागत. येथे चालणे हेच पाहणे होते. अशा कृतीपुढे थांबण्याचे सेकंद मोजणे म्हणजे कीर्तनातील टाळ किती तोळ्यांचे आहेत ते तोलून पाहण्यासारखे आहे.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००३ मध्ये, ओलाफुर एलिआसन यांचे ‘द वेदर प्रोजेक्ट’ हे मांडणशिल्प त्याच जागी उभे राहिले. दालनाच्या टोकाला दिव्यांचे एक अर्धवर्तुळ होते. छताला लावलेल्या आरशांत त्याचे दुसरे अर्ध दिसे आणि पूर्ण सूर्यबिंबाचा आभास होई. हवेत धुके सोडलेले असे. दिवे एकाच पिवळ्या तरंगलांबीचे असल्यामुळे त्या प्रकाशात पिवळा आणि काळा यांवाचून दुसरा रंग उरत नसे. मार्च २००४ पर्यंत वीस लाखांहून अधिक लोक येऊन गेले. परंतु संख्येपेक्षा त्यांचे आचरण अधिक विलक्षण होते. कोणी सांगितलेले नसताना लोक दालनाच्या थंड फरशीवर उताणे पडू लागले, छतातील आपले प्रतिबिंब शोधू लागले आणि हातपाय हलवू लागले. अनोळखी माणसे एकत्र येऊन आपल्या देहांनी आकृत्या आणि अक्षरे घडवू लागली.

या दृश्यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो वजनदार आहे. कला पाहावयास आलेला मनुष्य जर स्वतःचेच प्रतिबिंब पाहत पडून राहिला, तर अभिनवगुप्ताने सांगितलेल्या विघ्नालाच येथे अलंकाराचे स्थान मिळाले, असे म्हणावे लागेल. मंडपाने ज्यातून सोडवावयाचे त्या ‘मी’पणाचीच येथे आरास मांडली गेली. हा आक्षेप आरशाचा वापर करणाऱ्या पुष्कळ आधुनिक कृतींना लागू पडेल. वॉशिंग्टनच्या हिर्शहॉर्न संग्रहालयात २०१७ मध्ये यायोई कुसामा यांच्या आरसेखोल्या मांडल्या होत्या, तेव्हा गर्दीमुळे प्रत्येक खोलीत प्रेक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर एवढाच वेळ दिला जाई. आणि त्यातील पुष्कळसा आपले छायाचित्र घेण्यात जाई. प्रेक्षक स्वभावतः जेवढा वेळ थांबतो म्हणून टीका होते, जवळजवळ तेवढाच वेळ येथे संस्थेनेच नेमून दिला, हा योगायोग मार्मिक आहे.

तथापि एलिआसन यांच्या कृतीबाबत हा आक्षेप पूर्णपणे टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे प्रेक्षकांच्या आचरणाकडे बारकाईने पाहिल्यावाचून कळत नाही. छत इतके उंच होते की प्रतिबिंबात दिसणारी माणसे मुंग्यांएवढी असत. त्या पिवळ्या उजेडात कपड्यांचे रंग, चेहरे, वय, प्रतिष्ठा या सर्वांचा लोप होई. आपण त्या काळ्या ठिपक्यांपैकी कोणते, हे ओळखण्यास हात हलवून पाहण्यावाचून उपाय नसे. म्हणजे लोक हात हलवीत ते स्वतःला मिरवण्यासाठी नव्हे, तर हरवलेल्या स्वतःला शोधण्यासाठी. फोनमधील सेल्फीत चेहरा मोठा आणि कलाकृती मागे पुसट असते. येथे कलाकृती अवाढव्य आणि स्वत्व असंख्यांतील एक होते. सर्वांना सारख्याच भोगता येणाऱ्या प्रकाशाने प्रेक्षकाचे खासगीपण काही काळ विरघळवले, अनोळखी माणसांना शेजारी निजवले, आणि हे सर्व कोणतीही पूर्वतयारी न मागता केले. अभिनवगुप्ताला मंडपाकडून ज्या कार्याची अपेक्षा होती त्याच्याशी हे कार्य निश्चितच सजातीय आहे. त्यातून रसनिष्पत्ती झाली की केवळ तिची पूर्वपीठिका तयार झाली, हा वेगळा प्रश्न आहे. पण पूर्वपीठिका झाली एवढे निःसंशय.

६

प्रेक्षकाचे आचरण हे कलाकृतीला दिलेले उत्तर असते असे म्हटले, तरी ते नेहमी अनुकूल उत्तर असते असे नाही. २००७ मध्ये डोरिस साल्सेदो या कोलंबियन शिल्पकर्तीने याच दालनाच्या फरशीत १६७ मीटर लांबीची भेग पाडली. ‘शिबोलेथ’ हे तिचे नाव. एका शब्दाच्या उच्चारावरून परका कोण हे ओळखून त्याचा वध करण्याची बायबलातील कथा या नावामागे आहे. स्थलांतरितांना आणि वर्णभेदाला बळी पडलेल्यांना युरोपात जी दरी भोगावी लागते ती या भेगेत सूचित होती. प्रेक्षकांनी काय केले? मुलांनी भेगेवरून उड्या मारल्या, मोठ्यांनी तीत हात घालून पाहिले, दोन्ही काठांवर पाय ठेवून छायाचित्रे काढून घेतली, आणि काहींना ठेच लागून इजाही झाली. विषयाच्या गांभीर्याशी या खेळाचा मेळ बसत नाही, म्हणून प्रेक्षकांना अरसिक म्हणावे, की विषय पट्टीवर राहिला आणि फरशीवर फक्त भेग उरली म्हणून कृतीला अपुरी म्हणावे? दोन्ही निर्णय घाईचे ठरतील. भेगेवरून सहज पलीकडे जाता येणे, हीच ज्याला पलीकडे जाता येते त्याची स्थिती असते. उडी मारणारा प्रेक्षक नकळत आपली जागा दाखवून देत होता. पण ही जाणीव त्याला स्वतःला झाली नाही, तर ती केवळ निरीक्षकाच्या पदरात पडते. प्रेक्षकाच्या अज्ञानावर जिचा अर्थ उभा राहतो ती कृती उपहासाच्या काठावर उभी असते, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. प्रदर्शन संपल्यावर २००८ मध्ये भेग बुजवण्यात आली. तिचा व्रण मात्र फरशीवर राहिला, आणि तो काही न बोलता ओलांडला जातो.

ऑक्टोबर २०१० मध्ये आय वेईवेई यांनी तेथेच चिनी मातीची दहा कोटी सूर्यफूल-बीजे पसरली. चीनमधील जिंगदेझेन या गावी सुमारे सोळाशे कारागिरांनी ती हाताने घडवली व रंगवली होती. आरंभी लोकांना त्यांवरून चालता येई. लोक चालले, बसले, मुठीमुठींनी बीजे उचलून पाहू लागले, आणि कोणतेही दोन दाणे सारखे नाहीत हे हातानेच त्यांना कळले. काही दिवसांतच उडणाऱ्या धुळीमुळे आरोग्यास अपाय होईल या भीतीने आत जाणे बंद करण्यात आले. त्यानंतर काठावरून किंवा पुलावरून एक करडे शेत तेवढे पाहता येई. बीजे तीच होती, कलावंत तोच होता, पण दोरीच्या अलीकडील आणि पलीकडील कृती एक नव्हत्या. एकीत एकेक दाणा होता, दुसरीत समूह होता. प्रेक्षकाचे आचरण हा कलाकृतीच्या बाहेरचा व्यवहार नव्हे, तो तिच्या घडणीचा भाग असू शकतो, याचा याहून स्पष्ट दाखला देणे कठीण.

७

मराठीतील सौंदर्यविचाराला या निरीक्षणांतून एक प्रश्न उपस्थित होतो. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये कलाकृतीची एकात्मता संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे स्पष्ट केली. त्या विचारात लय ही कृतीच्या घटकांमध्ये असते. आस्वादक ती ओळखतो, घडवीत नाही. चौकटीतील चित्रापुरती ही मांडणी पुष्कळ समर्थ आहे. परंतु ‘मार्सियस’भोवती चालणाऱ्या प्रेक्षकाची चाल, किंवा बीजांच्या ढिगात रुतणारे पाऊल, हे घटक त्या लयीत धरावेत की नाहीत? ते वगळले तर कृतीचा मोठा भाग वगळला जातो. धरले तर कृतीची सीमा प्रत्येक प्रेक्षकागणिक बदलते. मर्ढेकरांची तत्त्वे येथे निरुपयोगी ठरतात असे नव्हे. उलट समतोल कोठे साधला आणि कोठे ढळला हे सांगण्यास ती उपयोगी पडतील. मात्र लयीचे क्षेत्र चौकटीच्या बाहेर, प्रेक्षकाच्या पावलांपर्यंत वाढवावे लागेल.

असे क्षेत्र वाढवताना एक धोका टाळला पाहिजे. ज्या कृती दृश्य आचरण उत्पन्न करतात त्या निरीक्षणाला सोप्या जातात. म्हणून त्याच यशस्वी, असे मानण्याकडे संस्थांचा कल होतो. वीस लाखांची गर्दी अहवालात मांडता येते, अंधुक खोलीत निश्चल बसलेला एक मनुष्य मांडता येत नाही. गर्दी, सेकंद आणि छायाचित्रे यांवरून दालनांचे धोरण ठरू लागले, तर प्रेक्षकाला हालवणाऱ्या कृतींना जागा मिळेल आणि त्याला थांबवणाऱ्या कृती वखारीत जातील. ही हानी कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण जे पाहिले गेले नाही त्याची नोंद कोणत्याच वहीत नसते.

याउलट दुसरा धोका समीक्षकांकडून आहे. गर्दी दिसली की कला बाजारात गेली, मुले खेळली की कला खेळणे झाली, असे निर्णय देण्याची सवय जुनी आहे. या सवयीमागे प्रेक्षकाविषयीची एक तुच्छता असते आणि ती अभिनवगुप्ताच्या औदार्याशी विसंगत आहे. ज्याने अहृदयालाही सहृदय होता येते असे मानले, त्याच्या परंपरेत दारातूनच माणसाला अपात्र ठरवण्यास जागा नाही.

म्हणून प्रेक्षकाच्या आचरणाचा विचार करताना तीन गोष्टी एकत्र पाहणे अवश्य ठरते. या आचरणाने कृतीच्या कोणत्या मागणीला उत्तर दिले? दालनाने ते उत्तर देण्यास पुरेसा अवकाश, उजेड, वेळ आणि बसण्याची जागा दिली होती काय? आणि त्या आचरणातून प्रेक्षक आपल्या खासगी व्यग्रतेतून क्षणभर तरी बाहेर पडला काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कृतीच्या विश्लेषणातून मिळते, दुसऱ्याचे वास्तूच्या तपासणीतून. तिसऱ्याचे उत्तर केवळ धीराने पाहत राहूनच मिळते आणि तेही अनुमानाने. प्रदर्शनाचे परीक्षण लिहिणाऱ्याने चित्रांच्या वर्णनाबरोबर बाक कोठे होता, उजेड कसा होता, लोक कोठे थांबले आणि कोठून पळाले, हे चार ओळींत तरी नोंदवले, तर मराठी कलासमीक्षेत आज नसलेले एक साधन हळूहळू जमा होईल.

आरंभी उल्लेखलेला मनुष्य, जो एका चित्रापासून निघून गेला आणि पुन्हा परत आला, त्याच्याविषयी घड्याळ एवढेच सांगू शकेल की तो दोन वेळा मिळून चाळीस सेकंद थांबला. तो परत का आला, हे घड्याळाला ठाऊक नाही. दुसऱ्या दालनातील चित्रे पाहत असताना पहिले चित्र त्याच्यात काम करीत होते, हे मात्र त्याच्या वळलेल्या पावलांवरून कोणालाही कळू शकते. समीक्षेने ज्याची नोंद घ्यावयास हवी ते पाहणे या दोन भेटींच्या मधल्या काळात झालेले असते.